बाबांच्या शत्रूला भेटायला पुण्यात

पुण्याला जाऊन आलं की अकोल्यात लोक दोनच गोष्टी विचारतात: शनिवारवाडा पाहिला का, आणि तिथली माणसं खरंच तसं बोलतात का? पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं हो, आणि त्याबद्दल पुढे सांगतेच. पण आम्ही गेलो होतो वेगळ्याच कामाला. बाबांना नवा पाय बसवायचा होता. आणि एका माणसाला भेटायचं होतं, ज्याच्यावर मला काडीचा विश्वास नव्हता.

बाबा फौजेत शिपाई होते. आपली फौज श्रीलंकेला गेली होती तेव्हा ते तिकडे होते, आणि जाफनाच्या बाजूला सुरुंगावर त्यांचा उजवा पाय गेला. पुढे अकोल्यात कापसाच्या एका जिनिंगमध्ये ते रखवालदारी करत. लहानपणापासून आम्ही त्यांच्याकडून एकच गोष्ट ऐकली. ताडाच्या बनातल्या चरात ते पडलेले, सोबतचे पुढे गेलेले, बंदुकीत गोळी नाही. इतक्यात तिकडच्या बंडखोरांपैकी एक पोरगेला मुलगा समोर आला. त्यानं बंदूक रोखली. मग खाली केली. स्वतःची लुंगी फाडून बाबांची मांडी आवळून बांधली, ताडगोळा फोडून त्यातलं पाणी त्यांच्या तोंडात घातलं आणि निघून गेला. गावात कोणी या गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. "शत्रू कायले पाणी पाजते बाप्पा," असं म्हणून लोक हसायचे. खरं सांगायचं तर मलाही ती निम्मीच खरी वाटायची. मी न्यायालयात लिपिक आहे. रोज साक्षी ऐकते. इतकी सुबक गोष्ट ऐकली की माझे कान टवकारतात.

माझा धाकटा भाऊ सुहास खराडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याच्या कचेरीत एकदा ज्याच्या त्याच्या आईवडिलांबद्दल सांगायचा कार्यक्रम झाला. त्यानं बाबांनी हिंदीत सांगितलेली ही गोष्ट मोबाईलवर दाखवली. दुसऱ्या दिवशी यालिनी नावाची सहकारी त्याच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "तो मुलगा म्हणजे माझे अप्पा."

आता तुम्हीच सांगा, कोणाला संशय येणार नाही?

खराडी

गाडीतल्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच की बाबांनी झोपताना नकली पाय काढून बाकाखाली ठेवला आणि तो कोणी चोरेल म्हणून मी तो रात्रभर उशाशी घेऊन झोपले.

सुहासच्या सोसायटीच्या फाटकावर रखवालदारानं आमचे फोटो काढले, सुहासच्या मोबाईलवर परवानगी मागितली आणि ती येईपर्यंत आम्हाला उन्हात उभं केलं. बाबांच्या चालण्याकडे बघून त्यानं विचारलं, "अंकल, पाँव में क्या है?"

"हवा हाय," बाबा म्हणाले.

आमच्याकडे पाहुणा आला की शेजारीण पाण्याचा तांब्या घेऊन येते आणि बसल्या बसल्या त्याची तीन पिढ्यांची चौकशी करते. इथे समोरच्या बाईंनी जाळीचं दार न उघडता विचारलं, "आपण किती दिवस आहात?" मी म्हटलं, आठवडाभर. "बरं," म्हणाल्या, आणि आतलं दारही लावून घेतलं. मला राग आला नाही. मी स्वतः कोणत्या तोंडानं रागावणार? मी तर एका अनोळखी माणसाची उलटतपासणी घ्यायला आले होते.

यालिनीला मी आधी एकटीनं भेटायचं ठरवलं. सुहास कुरकुरला. "ताई, तू सगळ्यांना पिंजऱ्यात उभं करतेस. आणि हे प्लीज कुठे बोलू नकोस, माझी नोकरी इथेच आहे, तिचीही." त्याची भीती वेगळी होती. बंडखोरांत होता अशा माणसाशी आपलं नाव जोडलं गेलं तर काय, ही.

त्यांच्या कचेरीबाहेर काचेच्या उंच इमारतींच्या सावलीत चहाच्या टपऱ्या आहेत. गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं-पोरी उभ्यानं चहा पितात. यालिनी बारीक अंगाची, तिशीच्या आतली. तिनं गळ्यातलं ओळखपत्र उलटं करून ठेवलं होतं. ती हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलायची, मी इथे मराठीत सांगते.

मी काही विचारायच्या आधी तिनंच विचारलं, "तुम्ही पोलिसांना सांगणार आहात का?"

"सांगण्यासारखं काही आहे का?"

"माझे अप्पा शाळेत जायच्या वयाचे होते. त्यांना घरातून उचलून नेलं होतं. नंतर ते पळून इकडे आले. मी तमिळनाडूतल्या निर्वासितांच्या छावणीत वाढले. आमच्या दारात कोणी चौकशीला आलं की आई अजूनही थरथरते." तिनं कप खाली ठेवला. "मला वाटलं, तुमचे बाबा त्यांना बोलावून घेतील आणि तिथे कोणीतरी साध्या कपड्यांत बसलेलं असेल."

म्हणजे आम्ही तिला सापळा वाटत होतो! मला हसू आलं नाही, उलट बरंच वाटलं. दोन्हीकडे संशय असला की हिशेब सरळ असतो.

"तुमचे अप्पा हिंदी समजतात?" मी विचारलं.

"नाही."

"मग बाबांची गोष्ट त्यांना तुम्हीच सांगितलीत?"

"हो."

"काय सांगितलंत?"

"जे होतं तेच," ती म्हणाली, आणि चहाच्या कपात बघू लागली.

पिंजऱ्यात उभे राहून असं कपात, नखात, चपलेत बघणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. घरी येऊन सुहासला सांगितलं, ही मुलगी काहीतरी लपवतेय. बाबा पलंगावर बसून आपला सदरा स्वतः इस्त्री करत होते.

"अवं वर्षा," ते म्हणाले, "माणूस भेटाले येते, त्याले का चौकीत बसवून भेटू?"

"तो नसला तर?"

बाबांनी इस्त्री उचलून धरली, बराच वेळ. मग म्हणाले, "तो असला तं मले एक विचाराचं हाय त्याले."

काय विचारायचंय ते मात्र सांगितलं नाही.

मंडई

घरी नको, कचेरीजवळ नको, गर्दीची जागा हवी, अशी यालिनीची अट होती. बाबा म्हणाले, मग मंडई. पुण्याला यायचं आणि मंडई बघायची नाही, हे त्यांना पटत नव्हतं.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: मधोमध दगडी इमारत, तिच्या डोक्यावर उंच मनोरा, आणि आत ओट्यांवर भाजीचे असे ढीग लावलेले की विकत घेऊन ते मोडावेसे वाटू नयेत. एप्रिलचं ऊन बाहेर तापलेलं, आत मात्र दगडाचा गारवा. आमच्या बाजारात भाजीवाली आधी 'कोनाकडे आल्या पाव्हन्या' विचारते. इथे मी एकाला विचारलं, वांगी ताजी आहेत ना? तो म्हणाला, "नाही हो, आपण येणार म्हणून मागच्या आठवड्यापासून राखून ठेवलीत." बाबा इतके हसले की काठी टेकून उभे राहिले.

बाहेरच्या बाजूला एक बाई ताडगोळे सोलत बसली होती. ते बघितल्यावर माझ्या डोक्यात कल्पना आली. मी पिशवीभर घेतले.

ते दोघं आले तेव्हा बाबा एका खांबाला टेकून उभे होते. नडराजा, म्हणजे या भेटीसाठी तमिळनाडूहून आलेले यालिनीचे अप्पा, ठेंगणे, काळेसावळे, पांढऱ्या शुभ्र सदऱ्यात. बाबांपासून चांगले दोन हात लांब थांबले. कोणीच नमस्कार केला नाही. दोघंही एकमेकांच्या हातांकडे बघत होते. तोंडाकडे नाही, हातांकडे. मला वाटतं ती जुनी सवय असावी.

मी पिशवी पुढे केली. नडराजांनी ताडगोळा घेतला, अंगठ्यानं साल अलगद सोडवली, पाणी न सांडता तोंडात टाकला आणि समाधानानं मान हलवली. दुसरा घेतला. बाबा त्यांच्याकडे टक लावून बघत होते. नडराजांच्या चेहऱ्यावर मात्र गावाकडचं फळ मिळाल्याचा आनंद होता, बाकी काही नाही. ज्यानं ताडगोळा फोडून मरणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं, त्याला हे फळ बघून काहीच आठवू नये?

मी यालिनीकडे पाहिलं. तिनं नजर चुकवली.

जवळच्या गल्लीत एक जुनं चहाचं दुकान आहे. आम्ही कोपऱ्यातल्या बाकांवर समोरासमोर बसलो. बाबा हिंदीत बोलत, यालिनी तमिळमध्ये सांगे, आणि उलट. श्रीलंकेत असताना कानावर पडलेली थोडी तमिळ बाबांना येते हे आम्ही तिला सांगितलं नव्हतं. मुद्दाम नाही, तसा विषयच निघाला नव्हता.

"याईले विचार," बाबा मला म्हणाले आणि मग स्वतःच हिंदीत वळले, "वो आदमी को कहाँ लगा था?"

यालिनीनं विचारलं. नडराजा बराच वेळ बोलले. सावकाश, थांबत थांबत. बोलता बोलता त्यांचा हात स्वतःच्या पोटावर गेला आणि तिथेच राहिला.

"अप्पा म्हणतात, पायाला," यालिनी म्हणाली. "मांडीला. त्यांनी ते बांधलं."

तिचा आवाज सरळ होता. मी तोंड उघडणार इतक्यात बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"वयिरु," बाबा म्हणाले. आणि आपल्या पोटाला हात लावला.

यालिनीचा चेहरा उतरला. वयिरु म्हणजे पोट, हे मला नंतर कळलं, पण तेव्हा सांगायची गरज नव्हती. नडराजा एकदा बाबांकडे, एकदा मुलीकडे बघत होते.

"नान इल्लै," बाबा त्यांना म्हणाले. तो मी नाही.

दुकानात कपबशा वाजत होत्या. यालिनी वडिलांशी भरभर बोलू लागली, मग तिचा आवाज फुटला. शेवटी ती आमच्याकडे वळली.

"त्यांना मीच खोटं सांगितलं. इतकंच सांगितलं की एक हिंदुस्थानी शिपाई जिवंत आहे आणि तो म्हणतो, एका मुलानं मला पाणी पाजलं. पायाचं सांगितलं नाही." ती डोळे पुसत म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही ते कसे जगतात. एका शाळेच्या मागच्या विहिरीपाशी त्यांना तुमचा एक शिपाई सापडला होता. पोटात गोळी. तो हातानं पाणी पाणी करत होता. अप्पांनी पोहऱ्यानं पाणी काढून पाजलं. नंतर त्यांच्या टोळीतला एकजण म्हणाला, पोटात गोळी लागलेल्याला पाणी दिलं की तो मरतो. तू त्याला मारलंस. तेव्हापासून घरी कोणी पाण्याचा पेला पुढे केला की ते आधी त्या पेल्याकडे बघत बसतात."

मी जिंकले होते. मुलगी लपवत होती, आणि मी ते ओळखलं होतं. पण त्या क्षणी मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

बाबा पुढे वाकले. "उसने माँगा था ना पानी?"

यालिनीनं विचारलं. नडराजांनी होकारार्थी मान हलवली.

"मग झालं," बाबा मराठीतच म्हणाले, आणि मला सांगितलं, "सांग त्याले. मी चरात पडलो होतो तवा मले मराचं भेव नोतं. एकटं मराचं होतं. त्या मानसाले कोनीतरी भेटलं."

मी ते हिंदीत सांगितलं, यालिनीनं तमिळमध्ये. या वेळी तिनं एकेक शब्द जपून उचलला. नडराजांचं त्यानं समाधान झालं असं मला वाटलं नाही. पण त्यांनी समोरचा चहा, जो इतका वेळ तसाच होता, तो घेतला.

मग त्यांनी बाबांना विचारलं, तुम्ही कुठे पडला होता? बाबांनी गावाचं नाव सांगितलं. मिठागरांच्या अलीकडे, ताडाचं बन, बाजूला मोडकं देऊळ. नडराजांचा कप हातातच राहिला.

ते यालिनीशी हळू आवाजात बोलू लागले. तिनं दोनदा परत विचारलं. मग म्हणाली, "अप्पा म्हणतात, त्या बाजूला आमच्या टोळीतला एक मुलगा होता. कुगन. एक दिवस तो परतला तेव्हा त्याची लुंगी फाटलेली होती आणि बंदुकीतली एक गोळी कमी होती. गोळी कुठे घालवली म्हणून त्याला खूप मारलं. तो म्हणाला, पक्ष्यावर झाडली. रात्री त्यानं एकट्या अप्पांना खरं सांगितलं."

"काय?" मी विचारलं.

"की चरात एक माणूस पडला होता. त्याची माणसं दुसऱ्याच वाटेनं चालली होती. ती इकडे वळावीत म्हणून त्यानं हवेत गोळी झाडली."

बाबांच्या हातातली काठी खाली पडली. मी उचलायला वाकले. वर पाहिलं तर ते दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून बसले होते.

"गोळी झाली होती," ते म्हणाले. "तो गेला, अन् मंग झाडाईमांगून गोळी झाली. त्याच्यानंच आपले लोक आले."

ही गोष्ट त्यांनी आम्हाला कधीच सांगितली नव्हती. एकदाही नाही. आणि मी लाजत सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो न्यायालयातला: साक्षीदार दुसऱ्याचं ऐकून जुळवून घेतोय.

बाबांना माझं तोंड वाचता येतं. "गावात सांगतलं असतं तं लोक म्हनले असते, तुह्यावरच झाडली अन् नेम चुकला," ते म्हणाले. "मले बी तसंच वाटे. पानी पाजलं, अन् मंग त्याले पस्तावा झाला असन. इतके वर्सं मले हेच विचाराचं होतं त्याले. का रे बाबा, माह्यावर झाडली होती का?"

यालिनीनं हे वडिलांना सांगितलं. नडराजांनी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही.

"तो हाय का?" बाबांनी विचारलं.

नडराजांनी उत्तर दिलं. छोटंसंच. यालिनीनं लगेच सांगितलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी काय म्हणते याची वाट बघत होती. ती अजून एक खोटं बोलू शकली असती, आणि मी तिला अडवलं नसतं. सांग, अशी मी नुसती मान हलवली.

"पुढच्या पावसाळ्यात तो गेला," ती म्हणाली. "तुमच्या लोकांशी झालेल्या चकमकीत."

बाबांनी डोळे मिटले. मग ते हळूच म्हणाले, "नाव काय म्हनलं?"

"कुगन."

"कुगन," बाबा म्हणाले. नीट जमलं नाही, म्हणून परत म्हणाले. नडराजांनी त्यांना एकदा म्हणून दाखवलं.

दुकानाचे मालक गल्ल्यावरून आमच्याकडे पाहत होते. ते उठून आले. मला वाटलं आता खास पुणेरी काहीतरी ऐकावं लागणार, आणि ऐकावं लागलंच. "अहो, हे चहाचं दुकान आहे, रडण्याची सोय पलीकडे देवळात आहे," ते म्हणाले. पण हातात पाण्याचे चार पेले होते. एकेक करून सगळ्यांपुढे ठेवले आणि काही न विचारता परत गेले.

लष्कराच्या फाटकाशी

बाबांचा पाय कँपापलीकडच्या लष्करी दवाखान्यात बसवायचा होता. मापं आधीच झाली होती, आता घालून चालायचं होतं. आदल्या संध्याकाळी यालिनीचा फोन आला: अप्पा येऊ का म्हणून विचारताहेत.

सुहास वैतागला. "त्यांना तिथे न्यायचं? फाटकावर ओळखपत्र मागतील, काय सांगणार आहेस?" तो चुकीचं बोलत नव्हता. मलाही रात्री नीट झोप लागली नाही. मी त्या माणसाला एकदाच भेटले होते. त्यानं सांगितलेलं खरं होतं असं मला वाटत होतं, पण वाटण्यावर मी आजवर कधी चालले नाही.

नडराजांनीच प्रश्न सोडवला. फाटकाजवळ आल्यावर त्यांनी पहाऱ्यावरच्या जवानाकडे, त्याच्या बंदुकीकडे पाहिलं आणि हातानंच सांगितलं, मी इथे थांबतो. रस्त्याच्या पलीकडे एका वडाखाली जाऊन उभे राहिले. जवानानं आम्हाला विचारलं, "ये आपके साथ हैं?"

मी गप्प राहिले. बाबा म्हणाले, "हाँ, साथ में हैं."

आत बरीच तरुण पोरं होती, कोणाचा हात, कोणाचे दोन्ही पाय गेलेले. ती एकमेकांची थट्टा करत दांड्यांना धरून चालायला शिकत होती. बाबांना नवा पाय हलका वाटला. तो बसवणारे गृहस्थ मृदू बोलणारे होते. म्हणाले, सुरुवातीला आठवडाभर घासेल, दुखेल, लपवू नका. बाबा दांड्याला धरून चालले, मग न धरता. भिंतीवरच्या आरशात स्वतःकडे बघताना मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मध्ये बसायच्या वेळात त्यांनी आपल्या पलटणीतल्या जुन्या सोबत्यांना फोन लावले. साताऱ्याला एक, कोल्हापूरला एक. शाळेमागच्या विहिरीपाशी पोटात गोळी लागलेला कोणी आठवतो का? कोणाला आठवत नव्हतं. कोल्हापूरचे काका चिडलेच: "आता कशाला उकरतोस ते, आणि कोणासाठी?" बाबांनी कोणासाठी ते सांगितलं. मग काका म्हणाले, विचारतो इतरांना. अकोल्याला परत आल्यावरही बाबांचे हे फोन चालू आहेत. अजून काही कळलेलं नाही. यालिनी दर रविवारी विचारते, आणि आता मीही तिला खरं तेच सांगते: नाही कळलं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. नडराजा त्याच वडाखाली उभे होते, बसले नव्हते. बाबांनी मला हात धरू दिला नाही. दुचाक्या सुसाट जात होत्या. पुण्यात रस्ता ओलांडणं धडधाकट माणसालाही सोपं नाही. पहाऱ्यावरचा जवान पुढे आला, त्यानं हात वर करून वाहनं थांबवली. बाबा एकेक पाऊल टाकत रस्ता ओलांडून गेले.

नडराजा त्यांच्यापुढे सरळ खाली बसले. नव्या पायाच्या गुडघ्याखाली त्यांनी हात लावला, पट्टा चाचपला, मग वर बघून विचारलं, "नोगुदो?"

दुखतंय का, असं ते विचारत होते हे न सांगता कळत होतं.

"इल्लै," बाबा म्हणाले.

ते खोटं बोलत होते. त्यांचा ओठ दाताखाली होता, कपाळावर घाम होता. खोटं बोलणारा माणूस मला बरोबर ओळखता येतो. मी रस्त्याच्या अलीकडे उभी होते, आणि मी काही बोलले नाही.